गंभीर रुग्णांच्या वॉर्डातले मामा-मावशी : त्यांना शिकवायचं काय आणि कसं?

कृष्णाकाठची_सिस्टर

नमस्कार मंडळी. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागले आणि परिसेविका म्हणून निवृत्त झाले. आता आमच्या भागातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयानं बोलावलंय. त्यांचा आयसीयू आणि त्याला लागून असलेला स्टेप-डाउन वॉर्ड (आयसीयूतून बाहेर काढलेल्या, पण अजून लक्ष ठेवावं लागणाऱ्या पेशंटचा), तिथल्या मामा-मावशींना, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांना, प्रशिक्षण द्यायचं आहे. व्यवस्थापनानं विषयांची यादी हातात ठेवली : गणवेश, वेळेवर हजेरी, नातेवाइकांशी नम्र बोलणं, ड्युटीवर मोबाइल न वापरणं, वॉर्डाची स्वच्छता. यात वाईट काही नाही. पण पलंगावर पडलेला माणूस या यादीत कुठेच नाही, आणि ते मला फार खटकलं.

आयसीयूतल्या पेशंटला दिवसभरात सगळ्यात जास्त हात कुणाचे लागतात ते बघा. डॉक्टर राउंडला येतात, तपासतात, पुढच्या पलंगाकडे जातात. सिस्टर इंजेक्शनं, पंप, चार्ट आणि फोन यांत बुडालेली असते. स्पंजिंग, कूस बदलणं, डायपर, बेडपॅन, चादरी, सीटीला नेणं-आणणं हे सगळं मामा-मावशी करतात. पेशंटची पाठ रोज बघणारी वॉर्डात बहुतेक वेळा एकच व्यक्ती असते, ती म्हणजे मावशी. म्हणून माझ्या मते प्रशिक्षणाचा गाभा असा हवा : जे हात लावतात त्यांना बघायला शिकवायचं, बघितलेलं बोलायला शिकवायचं, आणि बाकीच्या स्टाफला ते ऐकून घ्यायला शिकवायचं. तिसरं सगळ्यात अवघड आहे.

एक काम सविस्तर सांगते, कारण ‘पोझिशन देत जा’ एवढ्या सूचनेनं काहीच होत नाही. डोक्याकडची बाजू उंच ठेवली की पेशंट हळूहळू पायाकडे घसरतो. मग दोघं येतात, काखेत हात घालतात आणि ओढून वर घेतात. ओढताना पाठीची कातडी चादरीला चिकटून जागेवर राहते, आतलं मांस मात्र हाडाबरोबर वर सरकतं. आतल्या आत बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात. त्या वेळी वरून काही दिसत नाही. काही दिवसांनी माकडहाडावर जखम उघडी पडते आणि सगळे विचारतात, एअर बेड असून कसं झालं?

हे टाळायला खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी आडवी ड्रॉ शीट लागते. पलंगाचे ब्रेक लावलेले हवेत. डोक्याकडची बाजू खाली घेण्याआधी फीड (नळीतून दिलं जाणारं पातळ अन्न) बंद आहे ना, हे सिस्टरला विचारायचं. दोन्ही बाजूंना एकेक जण, चादरीची कड पेशंटच्या अंगालगत गुंडाळून मुठीत धरायची, तोंडानं मोजायचं आणि एकदम उचलून वर घ्यायचं, फरफटवायचं नाही. व्हेंटिलेटरवरचा पेशंट असेल तर नळी धरायला सिस्टर डोक्याशी हवीच, ती आल्याशिवाय हात लावायचा नाही. कुशीवर वळवताना अगदी काटकोनात आडवं करू नये, सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. ३० अंशांपर्यंत कलतं ठेवायचं, पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी, आणि पोटरीखाली अशी उशी की टाच गादीला टेकणार नाही. दर दोन तासांनी, एअर बेड असला तरी.

वळवलं की कातडी बघायची. लाल डाग दिसला तर बोटानं दाबायचा. दाबल्यावर पांढरा होऊन परत लाल झाला तर अजून सावरता येतं. पांढरा पडलाच नाही तर आत नुकसान सुरू झालंय, तेव्हाच्या तेव्हा सिस्टरला सांगायचं. आपल्याकडे बहुतेकांचा रंग सावळा, त्यावर लाली नीट दिसत नाही. तिथे हातानं अंदाज घ्यायचा : आजूबाजूच्या कातडीपेक्षा गरम लागतंय का, कडक किंवा पिचपिचीत लागतंय का. हे ज्ञान बोटांत यावं लागतं आणि ते पलंगाशी उभं राहूनच येतं.

मुंबईच्या केईएममध्ये तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यानंतर ४२ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या परिचारिका आणि कर्मचाऱ्यांच्या सेवेचं मनापासून कौतुक केलं. इतक्या वर्षांत त्यांना बेडसोर होऊ दिला नव्हता. हे आपल्याच राज्यात, पालिकेच्या रुग्णालयात घडलेलं आहे. तेव्हा ‘आपल्याकडे होत नाही’ असं कुणी म्हटलं की मला पटत नाही.

आता तुमच्याकडून हवंय ते असं. माझ्या गटात काहींना नीट लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्यासाठी काय करता? ड्युटीतून वेळ कसा काढता? आणि आधी काय शिकवलंच पाहिजे असं तुम्हाला वाटतं?


आयसीयूवाला_डॉक्टर

ताई, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. मी पुण्यात आयसीयूत काम करतो. माझ्या यादीत पहिलं नाव नळ्यांचं. मामांना प्रत्येक नळीचं शास्त्र कळायची गरज नाही, पण प्रत्येक नळीचा एकेक नियम तोंडपाठ हवा.

लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला टेकलेली नको. ट्रॉलीवर घेताना ती पेशंटच्या पोटावर ठेवायची सवय सर्रास दिसते. तसं केलं की पिशवीतली लघवी उलटी आत जाते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. छातीतल्या नळीची बाटली छातीच्या पातळीखाली, उभीच, आणि नेताना नळीला कुणीही स्वतःहून चिमटा लावायचा नाही. नाकातल्या नळीतून फीड चालू असेल तर डायपर बदलायला आडवं करण्याआधी ते थांबवायला सांगायचं, नाहीतर पोटातलं फुप्फुसात जातं. एरवी डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर. सलाइनच्या नळ्या हलवण्याआधी मोकळ्या करून बघायच्या, कुठे पलंगाच्या कठड्यात अडकलेली नाही ना.

दुसरं, शिफ्टिंग. आयसीयूतून सीटीपर्यंतचा प्रवास पेशंटसाठी सगळ्यात धोक्याचा असतो. सिलिंडर ‘आहे’ एवढं बघून निघतात, ‘किती आहे’ ते बघत नाहीत. बी टाइपचा सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर चालू असेल तर अडीच तास पुरतो. काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. लिफ्ट अडकली, सीटीला रांग लागली, की सव्वा तास कुठे जातो कळत नाही. काटा वाचायला शिकवणं हे दहा मिनिटांचं काम आहे, त्याला अक्षरओळख लागत नाही. काटा लाल पट्ट्यात असेल तर ट्रॉली हलणार नाही, बस.

तिसरं म्हणजे एमआरआय. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत गेला आणि तो नेणाऱ्या रुग्णाच्या तरुण नातेवाइकाचा जीव गेला. त्या यंत्राचा चुंबक स्कॅन चालू नसतानाही चालूच असतो. हे एक वाक्य प्रत्येक मामाला, मावशीला आणि नातेवाइकालाही माहीत असलं पाहिजे. लोखंडी ट्रॉली, व्हीलचेअर, सिलिंडर, खिशातली कात्री, काहीही दाराच्या आत नाही.

आणि तुमचा तिसरा मुद्दा, ऐकून घेण्याचा. आमच्याकडे शिफ्टिंगच्या वेळी मामांना ‘थांबा’ म्हणायचा अधिकार लेखी दिलाय. मामा थांबा म्हणाले की कन्सल्टंटसुद्धा थांबतात, कारण बघितल्याशिवाय पुढे जात नाहीत. पहिल्यांदा हे वापरलं गेलं तेव्हा सलाइनचा स्टँड दारात अडकला होता आणि मानेतली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) ओढली जात होती. त्यांनी ओरडून थांबवलं. त्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले, ते मी मुद्दाम केलं.


भीमेची_लेक

मी रुग्णालयात काम करत नाही, माझी आई करायची. एका खासगी रुग्णालयात कंत्राटावर आया होती, वर्षानुवर्षं. तिला प्रशिक्षण असं कधीच मिळालं नाही. जुन्या मावशीनं जे दाखवलं ते ती शिकली, त्यातलं चांगलंही आणि चुकीचंही.

एकदा कचऱ्याच्या पिशवीतली सुई तिच्या हातात घुसली. तिनं बोट पिळलं, डेटॉल लावलं, फडकं बांधलं आणि काम चालू ठेवलं. कुणाला सांगितलं तर कामावरून काढतील ही भीती. आम्हाला घरी कळलं ते फार उशिरा. तिला कावीळ ब ची लस दिलेलीच नव्हती. नशिबानं काही झालं नाही, पण नशिबावर का सोडायचं?

ताई, तुम्ही शिकवाल तेव्हा पेशंटच्या आधी हे शिकवा की सुई लागली तर काय करायचं आणि सांगितलं तर नोकरी जाणार नाही. जिला स्वतःच्या जिवाची खात्री नाही, तिच्याकडून दुसऱ्याच्या जिवाची काळजी कशी अपेक्षित धरता?

आणखी एक. आई घरी येऊन सांगायची, ‘आज तीन नंबरचे आजोबा वेगळे वाटले, रोज स्पंजिंगला हात झटकतात, आज झटकला नाही.’ आम्ही विचारायचो, सिस्टरला सांगितलंस का? म्हणायची, ‘एकदा सांगितलं होतं तर म्हणाल्या, तू डॉक्टर आहेस का?’ मग तिनं सांगणं सोडलं.


कृष्णाकाठची_सिस्टर

भीमेची लेक, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. ‘आज हात झटकला नाही’ हे फार मोलाचं निरीक्षण आहे. गुंगी वाढतेय, मेंदूला रक्त किंवा ऑक्सिजन कमी पडतोय, साखर उतरलीय, यांपैकी काहीही असू शकतं, आणि मॉनिटरवर आकडे बदलायच्या आधी ते हाताला कळतं. मी हे उदाहरण माझ्या वर्गात सिस्टर मंडळींसमोर सांगणार आहे, तुमची परवानगी असेल तर.

सुईचं तुम्ही अगदी बरोबर बोललात. क्रम बदलते. पहिलं सत्र त्यांच्या स्वतःच्या सुरक्षेचं.


जंतूविरोधी

इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे, नाशिकला. वरच्या मुद्द्यावर कायदा काय सांगतो ते लिहिते, कारण व्यवस्थापनाला ‘द्यायला हवं’ म्हटलं की ऐकत नाहीत, ‘नियमात आहे’ म्हटलं की ऐकतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला कामावर घेताना आणि त्यानंतर दरवर्षी प्रशिक्षण देणं बंधनकारक आहे. कावीळ ब आणि धनुर्वाताची लस देणंही त्यातच आहे. कंत्राटी कामगार यातून सुटत नाहीत. लसीचे तीन डोस : आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. कंत्राटदार बदलला तरी कार्ड माणसाबरोबर राहिलं पाहिजे.

सुई लागली तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, जंतुनाशक चोळायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीची शक्यता असेल तर औषध दोन तासांत सुरू झालेलं उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि ते २८ दिवस घ्यायचं असतं. ‘उद्या सांगते’ म्हणण्यात सगळा वेळ जातो.

पिशव्यांचे रंग चित्रानं शिकवा. पिवळ्यात रक्त-पू लागलेली ड्रेसिंग, डायपर. लालमध्ये प्लास्टिकच्या नळ्या, सलाइनचे सेट, युरोबॅग (लघवीची पिशवी). पांढऱ्या न भोसकता येणाऱ्या डब्यात सुया. निळ्यात काच. आम्ही भिंतीवर अक्षरं कमी आणि फोटो जास्त लावलेत, तेही आमच्याच वॉर्डातल्या वस्तूंचे. इंटरनेटवरून उचललेल्या पोस्टरमधली सिरिंज आमच्या सिरिंजसारखी दिसत नाही, मग गोंधळ होतो.

हात धुण्याबद्दल एकच सांगते. मावशी ग्लोव्हज घालते ते स्वतःला वाचवायला, आणि तेच ग्लोव्हज घालून चार पलंग करते. म्हणजे ती वाचली आणि जंतू एका पेशंटकडून दुसऱ्याकडे गेले. दर पेशंटला ग्लोव्हज बदलायचे आणि काढल्यावर हात साफ करायचे, हॅन्डरबनं २० ते ३० सेकंद. स्पंजिंगचं पाणी तोंड-मानेपासून सुरू करून खाली, गुप्तांगासाठी वेगळं पाणी आणि वेगळा कपडा. हायपोक्लोराइटचं जंतुनाशक पाणी रोज ताजं, कालचं आज कामाचं नाही.


व्यवस्थापक_लहान_रुग्णालय

सगळ्यांचं पटतंय, पण दुसरी बाजूही मांडतो. ४० खाटांचं रुग्णालय चालवणं किती ओढाताणीचं असतं ते बाहेरून दिसत नाही. मी माणसं शिकवतो, ती सहा-आठ महिन्यांत घरगुती शुश्रूषेच्या ब्युरोकडे जातात, कारण तिथे १२ तासांचे पैसे जास्त मिळतात. पुन्हा नवी माणसं, पुन्हा पहिल्यापासून. शिकवायला चौघांना बसवलं तर वॉर्डात कोण?

दुसरी अडचण कायद्याची. मावशींना जास्त शिकवलं की रात्री सिस्टर कमी असताना त्यांच्याकडून सक्शन (नळीनं कफ ओढून काढणं) करून घेतलं जातं, सलाइन बदलून घेतलं जातं. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?

जून २०२१ मध्ये केंद्र सरकारनं कोविडसाठी एक लाख मदतनीस तयार करायचा कार्यक्रम सुरू केला होता, सहा प्रकारच्या कामांसाठी : घरगुती काळजी, प्राथमिक काळजी, प्रगत काळजी, आपत्कालीन काळजी, नमुने गोळा करणं, उपकरणं. तशी तयार मुलं मिळत राहिली तर आमच्यासारख्यांना सोपं जाईल. प्रत्येक लहान रुग्णालयानं आपापली शाळा काढणं परवडत नाही.


कृष्णाकाठची_सिस्टर

साहेब, तुमच्या दोन्ही अडचणी खऱ्या आहेत.

सीमारेषेबद्दल मी ठाम आहे. सक्शन, इंजेक्शन, सलाइनचा वेग, नळीतून फीड, व्हेंटिलेटरचं कुठलंही बटण, ड्रेसिंग : यांतलं काहीही मामा-मावशींनी करायचं नाही. रात्री दोन वाजता सिस्टर म्हणाली तरी नाही. हे लेखी द्यायचं, आणि सिस्टर मंडळींनाही त्याची प्रत द्यायची. शिकवल्यामुळे ही कामं त्यांच्यावर पडत नाहीत, सिस्टर कमी असल्यामुळे पडतात. त्यावर उपाय सिस्टर वाढवणं हाच. उलट जिला आपलं काम कुठे संपतं हे शिकवलेलं असतं, ती ‘हे माझं नाही’ असं सांगू शकते.

वेळेचं म्हणाल तर वर्ग भरवायचाच नाही. ड्युटी बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसं वॉर्डात असतात. त्या वेळात २० मिनिटं, एकाच पलंगाशी, एकच गोष्ट. आज फक्त टाचा. उद्या फक्त युरोबॅग. पण ती २० मिनिटं पगारी हवीत. घरी जायच्या बसची वेळ चुकवून थांबायला लावलंत तर कुणी मनापासून शिकणार नाही.

माणसं सोडून जातात याबद्दल भीमेच्या लेकीला विचारा. तिची आई वर्षानुवर्षं टिकली होती. टिकणाऱ्यांना टिकल्याचं काय मिळतं, हाही प्रश्न आहे. शिकलेल्या मावशीला थोडा वाढीव पगार आणि बिल्ल्यावर तसं पद दिलं तर ब्युरोकडे जाणाऱ्यांतल्या काही थांबतील.


शर्वरी_लीड्स

मी मूळची सातारची, इकडे हॉस्पिटलात हेल्थकेअर असिस्टंट म्हणून लागले आणि नंतर नर्सिंग केलं. म्हणजे या कामाच्या दोन्ही बाजू बघितल्या आहेत. इंग्लंडमध्येही पूर्वी यांच्या प्रशिक्षणाला काही धरबंध नव्हता. मिड स्टॅफर्डशायरमधल्या रुग्णांच्या हेळसांडीची चौकशी झाली, मग २०१३ मध्ये कॅव्हेंडिश अहवालानं मदतनिसांच्या प्रशिक्षणातली विस्कळीत अवस्था उघड केली, आणि २०१५ पासून ‘केअर सर्टिफिकेट’ आलं. त्यात १५ मानकं ठरवली. पाणी-आहार, खासगीपण आणि सन्मान, संसर्ग, संवाद, स्मृतिभ्रंश वगैरे. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानं नर्सिंग होममधल्या मदतनिसांसाठी किमान ७५ तासांचं प्रशिक्षण ठरवून दिलं.

यातलं उपयोगी काय, ते सांगते. नुसतं व्हिडिओ बघून पास होता येत नाही, प्रत्यक्ष पेशंटबरोबर काम करताना कुणीतरी बघून ‘जमतंय’ असं लिहून द्यावं लागतं. माझ्या वेळी एक अनुभवी असिस्टंट माझ्याबरोबर उभी असायची. मी पेशंटचं अंग पुसताना ती गप्प बघायची आणि नंतर बाहेर येऊन सांगायची : तू त्यांच्या छातीवरचा टॉवेल काढलास तेव्हा पडदा अर्धा उघडा होता. हे पुस्तकातून कळलं नसतं.

अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये ‘स्टॉप अँड वॉच’ नावाचा एक साधा कागद वापरतात. मदतनीस, अगदी सफाई करणारेसुद्धा, त्यावर खूण करून नर्सला देतात : नेहमीपेक्षा कमी बोलतोय, कमी खाल्लं, जास्त दुखतंय, चिडचिड वाढली, कातडीचा रंग बदलला. ताई, तुमच्या न वाचता येणाऱ्या मावशींसाठी याचंच चित्रांचं कार्ड करता येईल. गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागे सहा-सात चित्रं. दिसलं त्यावर बोट ठेवायचं आणि पलंगाचा नंबर सांगायचा. ‘तू डॉक्टर आहेस का’ या प्रश्नाला मग जागाच उरत नाही, कारण कार्ड रुग्णालयानंच दिलेलं असतं.


मुलगा_नातेवाईक

बाबा पक्षाघातानंतर बरेच दिवस रुग्णालयात होते. वाईट वाटेल, पण लिहितो. दर वेळी डायपर बदलायला पैसे द्यावे लागायचे. नाही दिले की वाट बघायची. हे प्रशिक्षणानं जाईल का?


भीमेची_लेक

दादा, तुमच्या बाबांना वाट बघावी लागली हे वाईटच झालं. मागणं चूकच आहे, माझ्या आईनं कधी मागितलं नाही याचा मला अभिमान आहे. पण तिच्याबरोबरच्या ज्या मागायच्या त्यांचा पगार दोन-दोन महिने कंत्राटदाराकडे अडकलेला असायचा. पगार वेळेवर आणि तक्रारीला ताबडतोब दखल, या दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या तरच ते थांबेल. नुसतं नीतीचं भाषण ऐकवलं तर त्या बायकांना तो अपमान वाटतो.


सांत्वन_परिचर

पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेत, आहे. वर सगळं जगवण्याबद्दल आलंय, ते यायलाच हवं. पण गंभीर रुग्णांच्या वॉर्डात माणसं जातातही, आणि त्या शेवटच्या दिवसांचं कुणीच मामा-मावशींना शिकवत नाही. बांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून चालू आहे, पुण्यात सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. तिथली पद्धत कुणालाही शिकण्यासारखी आहे.

शेवटच्या टप्प्यात पेशंटचा घसा घरघरतो. नातेवाईक घाबरतात, ‘कफ काढा’ म्हणतात. बहुतेक वेळा डॉक्टरांशी बोलून कुशीवर वळवलं, डोकं थोडं उंच केलं की आवाज कमी होतो, आणि पेशंटला त्या आवाजाचा सहसा त्रास होत नसतो. भूक जाते, तेव्हा बळेबळे चमचा तोंडात कोंबायचा नाही. तोंड मात्र सुकू द्यायचं नाही. ओल्या स्पंजनं किंवा गॉजनं ओठ, हिरड्या, जीभ दर तासा-दोन तासांनी पुसायची, ओठांना व्हॅसलीन. तोंडाची निगा हे मी मावशींना शिकवलेलं सगळ्यात मोठं औषध मानते. घरच्यांना गंगाजल किंवा तुळशीचं पाणी द्यायचं असतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलं तर ठसका लागतो, म्हणून कापूस भिजवून ओठांना लावायला सांगायचं. श्रद्धाही राखली जाते आणि इजाही होत नाही.

बेशुद्ध पेशंटशी बोलायचं. ‘आजी, कूस बदलते हं, हात थंड लागेल.’ ऐकू येत असेल असंच धरून चालायचं. त्यांच्या डोक्यावरून आपसात सुट्टीच्या, भांडणाच्या गप्पा मारायच्या नाहीत, ‘हा आज काही टिकत नाही’ असं तर कधीच नाही.

आणि मृत्यूनंतर. नळ्या काढल्यावर (पोलीस केस असेल तर न काढता) डोळे मिटवणं, कवळी बसवणं, अंग पुसणं, केस नीट करणं. मृतदेहालाही नावानंच संबोधायचं. घरच्यांना दोन मिनिटं पडद्याआड द्यायची. कोण काय विधी करतं ते विचारायचं, गृहीत धरायचं नाही.

हे सगळं करून मामा डबा खायला बसतो आणि त्याला कुणी विचारत नाही की तू बरा आहेस का. कोविडमध्ये एकेका पाळीत किती देह गुंडाळले याबद्दल आमच्या इथल्या एका मामांनी कितीतरी काळानंतर बोलायला सुरुवात केली. डॉक्टरांसाठी समुपदेशक होते, त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. ताई, तुमच्या अभ्यासक्रमात वॉर्डातला मृत्यू झाल्यावर सगळ्यांनी, अगदी सफाईवाल्यापर्यंत, पाच मिनिटं एकत्र बसायचं असं काही घालता आलं तर बघा.


आयसीयूवाला_डॉक्टर

ही पोस्ट छापून लावतोय आमच्या वॉर्डात. पाच मिनिटं बसण्याचं आम्ही फक्त डॉक्टर-सिस्टरपुरतं करत होतो. या महिन्यापासून सगळे.


फिजिओ_कोल्हापूर

थोडक्यात एक भर. मामा-मावशींच्या पाठीकडे कुणी बघत नाही. पलंग कंबरेच्या उंचीला आणा, पाय फाकवून उभं राहा, गुडघे वाकवा, वजन अंगाजवळ, उचलताना कंबर पिळू नका. एकट्यानं उचलायचं नाही हा नियमच करा. हळू बसवून मग उभं करायचं, पडणाऱ्या पेशंटला हातानं वर खेचायला जायचं नाही, त्याला आपल्या अंगाशी टेकवत जमिनीवर अलगद घ्यायचं. पक्षाघाताच्या पेशंटला लुळ्या हाताला धरून तर कधीच ओढू नये, खांदा निखळतो.


मुलगा_नातेवाईक

फिजिओ ताई, बाबांचा खांदा असाच दुखावला होता. तेव्हा कारण कुणी सांगितलं नव्हतं.

एक विचारतो. बाबांना पाणी द्यायचं नाही असं डॉक्टर म्हणाले होते, पण रात्री ते मागायचे आणि मावशी दयेपोटी घोटभर द्यायच्या. आम्हीही द्यायचो. ते खरंच इतकं धोक्याचं असतं का?


कृष्णाकाठची_सिस्टर

हो, दादा. पक्षाघातात गिळायचे स्नायू लुळे पडलेले असू शकतात. पाणी पातळ, ते झटकन श्वासनलिकेत उतरतं. कित्येकदा ठसकाही लागत नाही, म्हणून वाटतं की नीट प्यायले, आणि दोन दिवसांनी न्यूमोनियाचा ताप येतो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडानं काही द्यायचं नसतं. तुम्ही आणि त्या मावशींनी मायेनंच दिलं, कारण ‘देऊ नका’ एवढंच सांगितलं गेलं आणि ‘का’ आणि ‘मग काय करू’ हे कुणी सांगितलं नाही. ओला गॉज फिरवला तरी तहानेची तगमग बरीच कमी होते, हे रात्रीच्या मावशीच्या हातात द्यायला हवं होतं.

सगळ्यांच्या सूचनांवरून माझी मांडणी बदलली आहे. सोमवारपासून सुरू करतेय. आधी लस आणि सुई, मग हात, मग पाठ आणि टाचा, नळ्या, शिफ्टिंग, तोंडाची निगा. शर्वरीनं सुचवलेलं चित्रांचं कार्ड आमच्या गावातल्या चित्रकला शिक्षकांकडून काढून घेतेय. त्यात ‘हात झटकला नाही’ हेही एक चित्र असेल. ज्यांना तोंडानं द्यायचं नाही त्यांच्या उशाशी लाल पेला काढून त्यावर फुली मारलेली पाटी लागेल, नातेवाइकांनाही कळेल अशी. शिकवायला माझ्याबरोबर तिथल्याच दोन जुन्या मावशी उभ्या राहणार आहेत, त्यांना त्या तासाचे वेगळे पैसे देण्याचं व्यवस्थापनानं कबूल केलंय. आणि पहिल्या सत्राला वॉर्डातल्या सगळ्या सिस्टरना बसायला सांगितलंय.

जंतूविरोधी, तुमच्या भिंतीवरचे फोटो कुठल्या आकारात छापलेत आणि पाण्यानं पुसता येतील असा कागद कोणता वापरलात, ते कळवाल का?


जंतूविरोधी

ए-३ आकार, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट. कडा मात्र आधी कापून मग लॅमिनेट करा, नंतर कापल्या तर कडेनं पाणी शिरतं. पिशव्यांच्या स्टँडच्या वर, डोळ्यांच्या उंचीला लावा. आमच्या मावशींची उंची बघून आम्हाला वीतभर खाली घ्यावे लागले होते.